पहिला खिळा

आमच्या घरमालकांच्या दाराशेजारी, भिंतीवर, पाच खिळे होते. प्रत्येक खिळ्याखाली चुन्याने आकडा लिहिलेला, एक ते पाच. दोनपासून पाचपर्यंतच्या खिळ्यांवर पांढऱ्या फितींच्या जोड्या लटकत. माझा खिळा चौथा. पहिल्या खिळ्यावर निळ्या फितींची जोडी असे. ती कुणी वापरत नसे. तरी दर रविवारी आमच्या फितींबरोबर तीही धुतली जाई, पेजेच्या निवळीत बुडवून वाळवली जाई आणि परत त्याच खिळ्यावर टांगली जाई.

पहिला खिळा त्यांच्या मुलीचा होता. ती लहानपणापासून इब्रामपूरला मावशीकडे वाढली होती, तिथूनच तिचं लग्न झालं होतं. वर्षातून एखाद्या वेळी वडिलांकडे आली तर तासभर बसायची, चहा प्यायची आणि परतीची बस पकडायची. तिने एकदा तरी आपल्यापुढे पाटावर बसावं आणि आपल्याकडून वेणी घालून घ्यावी, एवढीच आमच्या मालकांची इच्छा होती. त्यांनी ती कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण खिळा सगळ्यांना दिसत होता.

मोठी माणसं त्यांना मालक म्हणत, आम्ही मुली आजो म्हणायचो. गोवा मुक्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. डिचोलीच्या अलीकडे, शिरगावच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांच्या चार खोल्या ओळीने होत्या. टोकाला त्यांचं स्वतःचं दोन खणांचं घर. आम्ही दोडामार्गकडून आलेलो. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे, आई खाणीवर दगड निवडायला जायची. खाणीचा ट्रक तिला साडेसहाला घेऊन जाई आणि माझी शाळा आठला असे. मधल्या दीड तासात माझ्या डोक्याचं काय करायचं हा आईपुढचा प्रश्न होता. तिने तो माझे केस कापून सोडवायचं ठरवलं होतं. आम्ही खोली घेतली त्या दिवशी तिने मालकांना सहज विचारलं, "मालक, हय जवळपास केस कापणारो कोण आसा?"

"कोणाचे?"

"ह्या चेडवाचे."

मालक उठले, माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी केस पाहिले, हात लावला नाही. मग आईला म्हणाले, "कापूचे नाय. फाल्या सकाळी साताक हिका सोप्यार पाठय. चार नंबर."

अशी मी चार नंबर झाले. तिथे राहिलो तोवर त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

ते मुरगाव बंदरात कामाला होते. बार्जी आणि बोटी धक्क्याला बांधायचे जाड दोर सांभाळणं, तुटले तर सांधणं, हे त्यांचं काम. तिथल्या खुंटांना नंबर, दोरांना नंबर, गोदामांना नंबर. त्यामुळे मुलींनाही नंबर. निवृत्त झाल्यावरही ते बंदरावरची खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घालत, खांद्यावर तुवालो. हात असे खरबरीत की माडाच्या खोडाला हात लावल्यासारखं वाटे. म्हणून रविवारी ते दाढी झाली की त्याच पात्याने तळहाताचे घट्टे तासत. केस अडकू नयेत म्हणून. दाढीपेक्षा हाताला वेळ जास्त लागायचा.

सकाळचा क्रम ठरलेला होता. सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही चौघींनी त्यांच्या घरापुढच्या सिमेंटच्या कट्ट्याशी, म्हणजे सोप्याशी, हजर राहायचं. तोंड धुतलेलं, गणवेश घातलेला, दप्तर भरलेलं. मालक सोप्यावर बसत, त्यांच्या पुढ्यात खाली पाट. ज्या मुलीचा नंबर, ती पाटावर. उजव्या हाताला तेलाची बाटली, ती पोर्तुगीज काळातल्या दारूची, जाड हिरव्या काचेची. डाव्या हाताला दोन फण्या, मोठ्या दातांची शिंगाची आणि बारीक दातांची लाकडी. आणि माडाच्या झावळीचा एक हीर, भांग पाडण्यासाठी. रोज नवा हीर. कालचा वापरत नसत, वाळला की वाकतो म्हणून.

"नाक खंय आसा ता दाखव," असं म्हणत त्यांचं काम सुरू होई. आपण नाकावर बोट ठेवायचं. मग ते डोक्यावरून वाकून बोट बघत आणि हीर त्या रेषेत ठेवून एका दमात मागे मानेपर्यंत नेत. भांग पडला की, "हलां नको, मोडतलो." विंचरायची सुरुवात केसांच्या टोकांपासून. आधी खालचं बोटभर, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. "खालसून वयर," हे ते प्रत्येक मुलीमागे दोनदा तरी म्हणत. मुळाशी फणी घालून खाली ओढणाऱ्या बायकांविषयी त्यांचं मत वाईट होतं आणि ते त्या बायकांच्या तोंडावर सांगत.

दोन नंबर पहिल्या खोलीतली. आमच्यात मोठी आणि तोंडाने सुटलेली.

"आजो, दुखता!"

"दुखला तर सांग, बोंबलां नको."

"सांगतंय तर! दुखता!"

"आयकलंय."

पण हात लगेच हलका व्हायचा. त्यांनी ओढल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आठवत नाही. एकीला सात मिनिटं लागत. दोन वेण्या, वर दुमडून कानामागे फितीची फुलं. पेजेच्या निवळीमुळे फीत ताठ राही आणि फूल संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. दुपारपर्यंत आमचे पांढरे मोजे, पांढऱ्या फिती, पापण्या, सगळं तांबूस व्हायचं. वेण्या मात्र सकाळी होत्या तशाच.

लोक आजोंना विक्षिप्त म्हणत. दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या घालणारा पुरुष, बापयो माणूस, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तेवढं पुरे होतं. पण मला विचित्र वाटायची ती त्यांची संध्याकाळची पद्धत. साडेपाचला पुन्हा चौघींनी सोप्यावर यायचं. या वेळी ते केसांना हात लावत नसत. आपण आपली फीत ओढायची, वेणी सोडायची, केसांतून तीनदा बोटं फिरवायची. ते समोर उभे राहून बघत. बोटं कुठेही न अडकता टोकापर्यंत आली की मान हलवून म्हणत, "सुटली. जा." बोट अडकलं, तर त्यांचा चेहरा पडायचा. मुलीला काही म्हणत नसत. खाली बसून, ज्या जागी बोट अडकलं तिथला गुंता एकेक केस करून सोडवत आणि आत जाऊन पाटीवर त्या नंबरापुढे खूण करत. त्या दिवशी त्यांच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, आला तर ते पाव घेत नसत. नुसती पेज पिऊन झोपत.

"सकाळी घातली, सांजवेळी सुटली, त्यात बघण्यासारखं काय आसा?" असं माझ्या आईने एकदा विचारलं.

"घालूक सगळ्यांका येता," एवढंच ते म्हणाले.

शाळेत आमच्या मुख्य बाई शिस्तीच्या होत्या. एकदा प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की रांगेत चार मुलींचे भांग अगदी सारखे आहेत. त्यांनी विचारलं, "कोण घालतं गं तुमच्या वेण्या?"

दोन नंबर म्हणाली, "आमचो घरमालक."

सगळी रांग हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात माझ्या आईला बोलावून घेतलं. आई खाणीवरून आली तशीच गेली, डोक्याला बांधलेला लाल झालेला रुमालही न सोडता. मुली आता वाढत्या वयाच्या आहेत, परक्या पुरुषाने हे काम करणं बरं दिसत नाही, असं बाईंनी तिला सांगितलं. त्यांच्या जागी त्या चुकीच्या नव्हत्या. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मी साडेसहाच्या ट्रकान खाणीर जातंय. तुमी येशात काय सात वाजता?"

बाई खरोखरच आल्या. एका सकाळी सातच्या आधी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चौघींच्या वेण्या होईपर्यंत बघितलं. सोपो रस्त्याला लागून, दार सताड उघडं, येणाजाणाऱ्या प्रत्येकाला सगळं दिसणारं. आजोंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाच नंबर पाटावरून उठल्यावर बाई म्हणाल्या, "मोठ्या मुलींचं काय?"

"अकरा वर्सां झाली की परीक्षा," आजो म्हणाले. "आरशाशिवाय आपली आपण घालूची. दीस भर रवली आणि सांजवेळी सुटली की पास. मगे तिणी आपली फीत घेवन जावची. मी हात लावचंय नाय."

बाईंची नजर खिळ्यांकडे गेली. "ती निळी फीत कुणाची? शाळेत निळी चालत नाही."

"ती शाळेची न्हय," आजो म्हणाले आणि तेलाची बाटली घेऊन आत गेले. त्यानंतर बाईंनी तो विषय काढला नाही.

पहिल्या खिळ्यामागची हकीकत मला दोन नंबरच्या आईने सांगितली. तिचं माहेर इब्रामपूरच्या शेजारच्या वाड्यावर, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. पायरीवर बसून तारले मासे साफ करता करता ती बोलत होती आणि मी पाणी ओतत होते.

पोर्तुगीज असतानाची गोष्ट. आजोंचं घर तेव्हा पेडण्याकडे होतं. मुलगी सहा वर्षांची असताना त्यांची बायको तापाने गेली. मुरगावाहून घरी यायला तेव्हा दिवस जायचा. दोन नद्या गॅसोलिनने, म्हणजे लाँचने, उतरायच्या, उरलेलं बसने आणि पायी. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलीला घेऊन बंदरावरच्या खोलीत राहायचं असं त्यांनी ठरवलं. बाराव्यापर्यंत घरातच होते. मुलीचे केस आईसारखेच, दाट आणि कमरेपर्यंत. ते कुणीतरी बांधायला हवेत. त्यांनी त्यापूर्वी कधी वेणी घातली नव्हती. दोर मात्र शेकड्यांनी सांधले होते. दोराचं टोक उलगडायचं, त्याचे पेड दोराच्याच अंगात एकाआड एक खुपसून ओढून घ्यायचे. असा सांधा बोटीने ओढला तरी सुटत नाही. त्यांनी मुलीची वेणी तशी घातली.

"आणि ती उघडलीच नाय!" दोन नंबरची आई म्हणाली. "आठ दीस. तो येणाऱ्या-जाणाऱ्याक दाखयत होतो, पयल्या दिसा घातलंय ती आजय तशीच आसा. बाप खूश. चेडू गप."

बाराव्याला इब्रामपूरहून मुलीची मावशी आली. तिने न्हाऊ घालायला वेणी सोडायला घेतली, ती सुटेना. केसांचे पेड आतल्या आत आवळून त्यांची जट झाली होती. खोबरेल ओतलं, ताक ओतलं, मावशी दुपारभर बसली, मुलगी रडून रडून निळी पडली. शेवटी मावशीने कातर मागवली आणि मानेपासून सगळे केस कापले. कापलेली वेणी तिने आजोंच्या पुढ्यात ठेवली. ती तेव्हाही सुटलेली नव्हती.

"काय म्हणाली गो मावशी?" मी विचारलं.

"काय म्हणतली? चेडू माज्याकडे रवतला. तुमी तुमचे दोर वळा." दोन नंबरच्या आईने हातातल्या तारल्याचं डोकं उडवलं. "आणि घेवन गेली."

आजोंच्या मागच्या खोलीत जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला सुंभाची एक शेपटी बांधलेली होती, तीन हात लांब. मी ती अनेकदा पाहिली होती. म्हशीसाठी असेल असं मला वाटायचं, पण त्यांच्याकडे म्हैस नव्हती. तिच्यावर त्यांनी वेणी घालायची आणि सोडायची सवय केली होती, मुरगावला असल्यापासून. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे, बायकोच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर, खोल्या बांधल्या. भाडेकरू ठेवताना ते आधी विचारत, घरात मुली किती? आम्हाला खोली का मिळाली ते तेव्हा मला कळलं.

मी दहा वर्षांची असताना त्यांच्या मुलीला सातवा महिना लागला. आमच्याकडे पहिलटकरणीला सातव्यात माहेरी आणून तिच्या केसांत फुलं माळतात. मोठा सोहळा नाही, पाच सवाष्णी, ओटी, गोडधोड, पण तो माहेरी व्हावा लागतो. तिचं माहेर म्हणजे मावशीचं घर. भटजींनी रविवार काढून दिला आणि त्याच आठवड्यात मावशीच्या भावकीत कुणीतरी वारलं. घराला सुतक लागलं. मावशीला त्या दहा दिवसांत शुभकार्यात हात घालता येईना आणि पुढचा मुहूर्त आठव्यात जात होता. मावशीने निरोप पाठवला, बापाच्या घरी करा.

निरोप आला त्या दिवशी आजोंनी सोपो दोनदा धुतला. मग माझ्या आईकडे आणि दोन नंबरच्या आईकडे जाऊन म्हणाले, "माका यातला कायएक कळना नाय. काय काय व्हया ता सांगा, मी हाडतंय." दोघींनी सांगितलं, त्यांनी पाटीवर लिहून घेतलं. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू, जायांच्या कळ्या, आबोली, गूळ. डिचोलीच्या बाजारात दोन खेपा घालून त्यांनी सगळं आणलं. निळी फीत त्या आठवड्यात त्यांनी रविवारची वाट न बघता बुधवारीच धुतली.

ताई, म्हणजे त्यांची मुलगी, शनिवारी दुपारी आली. जावई तिला सोडून गेले, सोमवारी दुपारी न्यायला येणार होते. चेहऱ्याने शांत, बोलणं मोजकं. अंबाडा एवढा मोठा की तिची मान मागे झुकलेली वाटत होती. आजोंनी तिच्यासाठी कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे केलं, ती बसली. त्यांनी विचारलं, "बस गर्दीची होती?" ती म्हणाली, "नाय." मग ती आत जाऊन पडली.

साडेपाचला आम्ही नेहमीप्रमाणे सोप्यावर उभ्या राहिलो. एकेकीने फीत ओढली, वेणी सोडली, तीनदा बोटं फिरवली. "सुटली. जा." "सुटली. जा." माझा नंबर आला तेव्हा मला जनेलात ताई दिसली. ती गज धरून बघत होती. मी केस मोकळे सोडून घरी निघाले, तर तिने मला खुणेने बोलावलं.

"ह्या रोज करतत?"

"रोज."

"केव्हापासून?"

"मी आलंय तेच्या आदीपासून."

"आणि गुंतो निघालो तर?"

"तर आजो जेवणत नाय."

तिची नजर माझ्यावरून भिंतीवरच्या खिळ्यांकडे गेली. तिथून निळी फीत दिसत असणार.

रविवारी सकाळी सगळ्या बायका आतल्या खोलीत जमल्या. बायकांचं काम, म्हणून आजो बाहेर सोप्यावर, जनेलाकडे पाठ करून बसले. मी आणि दोन नंबर फुलांच्या ताटाशी. दोन नंबरच्या आईने ताईचा अंबाडा सोडला. केस गुडघ्याच्याही खाली गेले. जायांच्या कळ्यांच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत वेणीवर टाचायच्या होत्या, त्यामुळे वेणी घट्ट हवी होती. दोन नंबरच्या आईने वेणी घातली, फुलांची पहिली पट्टी टाचली, वेणी सैल पडली. पुन्हा घातली. पुन्हा तेच. माझ्या आईने हात लावून पाहिला, तिलाही ते केस मुठीत मावेनात.

बाहेरून आवाज आला, "खालसून घेवचा."

सगळ्यांनी जनेलाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा, "तीनय पेड सारके कर. उजवो जाड जाता."

"मालक!" दोन नंबरची आई ओरडली. "तुमका पाठीक डोळे आसत काय? आमच्याय डोक्यार केस आसत. आमी काय सुंभ बांधून फिरतों?"

बायका हसल्या. पण आता दोन नंबरच्या आईचा हात बिचकला आणि तिसऱ्यांदाही वेणी कलली. आवाज पुन्हा आला, पण आता अगदी हळू, "चार नंबर, हो हीर न्हे आत. भांग वाकडो आसा."

मी बाहेर गेले. त्यांनी जनेलाकडे न बघता पाठीमागे हात करून हीर दिला. नवा, हिरवा, दोन्ही टोकं कापलेला. मी तो घेऊन आत आले. ताईने हात पुढे करून तो माझ्याकडून घेतला. बोटांत धरून बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांका सांग, भायर बसान सांगण्यापेक्षा आत येवन घाला."

एका बाईने, "अगो पण बापयो माणूस, आणि विधूर..." असं सुरू केलं. माझी आई तिला म्हणाली, "फुलां आमी माळतलों. वेणी कोणी घालूची ता खंय लिवलेला नाय."

मी बाहेर जाऊन निरोप सांगितला. आजोंनी तो मला पुन्हा सांगायला लावला. मग विहिरीवर जाऊन हात धुतले, साबण लावून परत धुतले, तुवालाने पुसले, तळहातांना तेल चोळलं. खिळ्यावरच्या जोडीतली एक निळी फीत घेतली. दारात आल्यावर थांबले. ताई त्यांच्याकडे पाठ करून पाटावर बसलेली होती. ते तिच्या मागे बसले आणि म्हणाले, "बाय, नाक खंय आसा ता दाखव."

त्यांनी कुणाला नंबराशिवाय हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. ताईने नाकावर बोट ठेवलं. त्यांनी हीर डोक्याला टेकवला. भांग एका दमात पडला.

आम्हा मुलींना वाटलं होतं की ते आता काहीतरी खास करतील. त्यांना चार पेडांची वेणी येत होती, पाच पेडांची येत होती, सुंभावर आम्ही बघितली होती. त्यांनी साधी तीन पेडांची घातली. सात मिनिटांच्या जागी वीस मिनिटं लागली. मध्ये एकदाच बोलले, "दुखता?" ताई म्हणाली, "नाय." शेवटी निळी फीत बांधली आणि उठून बाहेर गेले. बायकांनी फुलं टाचली. वेणी हलली नाही.

ओटी भरली, गाणी झाली, शिरा वाटला. बायका पांगल्या. आजोंच्या वाट्याचा शिरा सोप्यावर तसाच होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. समोरच्या रस्त्याकडे बघत ते बसून होते. रविवार असल्यामुळे ट्रक नव्हते आणि बघण्यासारखं काही नव्हतं.

साडेपाचला त्यांनी मला हाक मारली. "चार नंबर. आत बघ."

मी आत गेले. ताई पाटावर बसून एकेक कळ्यांची पट्टी उतरवत होती. सगळी उतरल्यावर तिने वेणी पुढे घेतली. जनेल उघडंच होतं आणि बाहेर त्यांची पाठ दिसत होती. तिने फितीचं टोक धरून ओढलं. फीत निघाली. मग तिने पेड मोकळे केले, खालपासून वर, आणि केसांत बोटं घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिने बोटं फार सावकाश नेली, मुळापासून टोकापर्यंत. कुठे अडकली नाहीत.

मी सांगायला बाहेर जाणार, तेवढ्यात तिने मला हाताने थांबवलं. जनेलाकडे तोंड करून तीच म्हणाली, "बाबा. सुटली."

आजोंनी मान हलवली. मागे वळले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे ओढली.

"फाल्या किती वाजता बसूचा?" आतून ताईने विचारलं.

"साताक," आजो म्हणाले. तोंडात घास होता. "उशीर चलाचो नाय."

सोमवारी आम्ही सातला पाच कमी असताना सोप्याशी हजर होतो. पाटावर ताई आधीच बसलेली होती आणि तिचे केस पाटावरून खाली जमिनीला टेकले होते. आम्ही दप्तरं घेऊन रांगेत उभ्या राहिलो. त्या दिवशी चौघीही शाळेत वीस मिनिटं उशिरा पोचलो. प्रार्थना संपली होती. मुख्य बाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी कारण विचारलं.

"बाई," दोन नंबर म्हणाली, "आज एक नंबर बसली होती."

बाईंनी आम्हा चौघींचे भांग एकामागून एक बघितले आणि वर्गात जायला सांगितलं.